पूजेला न ठेवलेलं हत्यार

सकाळी उठल्यावर कोणाचंही तोंड बघण्याआधी आपले तळहात बघावेत, करदर्शनाचा श्लोक म्हणावा आणि मग जमिनीला पाय लावावा, हे आईने मला शाळेत घालण्याआधीच शिकवलं होतं. महाडजवळच्या नाते गावी माहेरच्या घरात, मग सासरी, तीन वर्षांत कपाळ पांढरं होऊन परत आल्यावर, नर्सचं शिकताना वसतिगृहात, मी तो नेम एक दिवसही मोडला नाही. तो मोडला एका भाद्रपदात. पुढचे तेरा महिने मी उठले की आधी भिंतीकडे बघत असे. देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हणता येणार नाही. देवाचं बरं चाललं होतं, त्याला रोज फूल आणि उदबत्ती मिळत होती. उडाला होता तो माझ्या हातांवरचा विश्वास.

पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला एका गावात दोन खोल्यांचं सरकारी उपकेंद्र होतं. तिथे मी नर्स होते आणि मागच्या खोलीत आईला घेऊन राहत होते. आसपासच्या डोंगरातल्या नऊ वाड्या माझ्याकडे. रस्ता गावापर्यंतच, तोही पावसाळ्यात असून नसल्यासारखा. वर वाड्यांवर जायचं ते पायवाटेने, एका खांद्याला पिशवी, एका हातात छत्री आणि तोंडात देवाचं नाव. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. त्या काळात नसबंदीच्या नावाने इतकं काही झालं होतं की नर्स दिसली की बायका दार लावून घेत. ती दारं मी एकेक करून उघडून घेतली होती, आणि मला त्याचा बराच गर्वही होता. वाडीतल्या जुन्या सुइणींना तर मी मोजतच नसे. नखं कापा, हात धुवा, कातरी उकळा, असं त्यांना शाळेतल्या पोरींसारखं सुनावत असे.

वरच्या वाडीतली रखमा पहिलटकरीण होती. भाद्रपदात पाऊस कोसळत होता आणि ओहोळाला उतार नव्हता, म्हणून तिच्या माणसांनी दोन दिवस वाट बघून तिसऱ्या दिवशी सकाळी मला नेलं. मी पोहोचले तेव्हा तिच्या अंगात कळ सोसायचीही ताकद राहिली नव्हती. दुपारी बाळ आलं. मुलगा होता, नाकीडोळी चांगला, केस दाट. तो रडला नाही. मला जे जे शिकवलं होतं ते सगळं मी केलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली, माझा श्वास त्याच्या तोंडात घातला. तो माझ्या दोन्ही तळहातांवर तसाच पडून राहिला. त्यानंतर रखमाचं खूप रक्त गेलं, संध्याकाळपर्यंत मी तिच्यापाशी होते, एवढं मला आठवत होतं. पण आठवत होतं म्हणजे धुक्यातलं. स्पष्ट होतं ते फक्त तळहातांवरचं ते वजन.

मला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर भांडून मोकळी झाले असते. रखमाचा नवरा लक्ष्मण मला ओहोळापर्यंत पोचवायला आला, माझी पिशवी त्याने डोक्यावर घेतली होती, आणि उतरताना माझा पाय घसरला तर “सांभाळून, बाई” म्हणाला. ज्याचं मूल नुकतंच गेलं तो माणूस मला सांभाळून म्हणतो, हे मला सहन होईना. घरी आल्यावर मी कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती सवयच लागली. चहाचा कप निसटला की मी हातांना म्हणायची, “मेल्यांनो, एवढंही धरवत नाही?” कातडी फुटली, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, तरी तेलाचं बोट लावलं नाही. कोणी बाई मूल दाखवायला आली आणि “तुमच्यामुळं झालं बघा” म्हणाली की मी “माझ्यामुळे काही नाही” म्हणून विषय बदलायची. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता, ती शिक्षा होती, आणि ती देणारी मी मोठी कडक होते. हळूहळू हात खरोखरच थरथरू लागले. जरा अवघड बाळंतपण दिसलं की मी पोलादपूरला न्या, महाडला न्या, म्हणून पाठवून द्यायची. वरच्या वाडीत मी त्या तेरा महिन्यांत पाऊल ठेवलं नाही. लस टोचायला त्यांनाच खाली बोलावलं.

आईला सगळं दिसत होतं. एकदा ती म्हणाली, “दुसऱ्याच्या पोरीला एवढं बोलली असतीस, तर ती घर सोडून पळाली असती. हे हात बिचारे जातील कुठे?” मी म्हटलं, तू तुझी पोथी वाच.

पुढच्या वर्षीचं नवरात्र आलं. आईचे घट बसले. मीही नऊ दिवस उपास धरला, पण खरं सांगायचं तर देवीकडे मागण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, ते म्हणजे सुटका. आठव्या माळेला मी राजीनामा लिहिला. सरळ चार ओळी, कारण म्हणून प्रकृती. कागद घडी करून कामाच्या पिशवीत ठेवला, दसरा झाला की तालुक्याला जाऊन द्यायचा. घटापुढे हात जोडून एवढंच म्हटलं, “आई, मी चुकत असेन तर तू अडव. नाहीतर मला जाऊ दे.” ही काही मोठी भक्ती नव्हती. भांडण कंटाळून सोडून दिलं होतं इतकंच.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात आणि पूजतात. ज्याचं जे हत्यार, शेतकऱ्याचा कोयता नि नांगराचा फाळ, सुताराची किकरं, मास्तरांची पुस्तकं. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत ती उचलायची नाहीत, तेवढा दिवस त्यांना विश्रांती. आईने विळी आणि कोयती मांडली. मी माझी कातरी, दोन चिमटे, बाळाचे ठोके ऐकायची नळी आणि इनॅमलचा ट्रे मांडला. आईने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, कातरीला जरा जास्तच अक्षता टाकल्या. ती शेवटची पूजा आहे हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

आरती संपते न संपते तोच लक्ष्मण दारात उभा राहिला. धापा टाकत होता.

“बाई, रखमाला कळा लागल्यात पहाटपासनं. चला.”

रखमाला पुन्हा दिवस गेल्याचं मला माहीत होतं. नावाची नोंद मीच केली होती, तपासायला मात्र तालुक्याच्या डॉक्टरकडे धाडलं होतं. मी म्हटलं, “तिला पोलादपूरला न्यायचं ठरलं होतं ना?”

“डोली बांधली हुती. ती नाय म्हनते. येनार नाय कुठं, बाईंना आना, म्हनते. आन आजीबी तेच म्हनते, तीच बाई आन.”

आजी म्हणजे त्याची आजी. पन्नास वर्षं त्या डोंगरातल्या बायकांची बाळंतपणं तिने केली होती. मी तिचं नाव ऐकून होते, पण ती माझ्यासमोर कधी आली नव्हती. रखमाच्या पहिल्या वेळी ती लेकीकडे तुडीलला होती आणि सावित्रीला पूर आल्यामुळे तिकडेच अडकली होती. “तीच बाई” हे शब्द मला चाबकासारखे लागले. मला वाटलं, म्हातारीला मला समोर उभं करून जाब विचारायचा आहे. मग मी जे केलं ते सांगायची आजही लाज वाटते. मी पाटाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, “हत्यारं पूजेला बसलीत. आज कशी उचलू?”

लक्ष्मणने पाटाला हात जोडले. तो हत्यारांकडे बघत राहिला. ज्या गावात खंडेनवमीला कोयता उचलत नाहीत, त्या गावात हे कारण कोणालाही पटलं असतं. उकळल्याशिवाय कातरी लावू नका म्हणून सगळ्यांना विज्ञान शिकवणारी मी, त्या दिवशी झेंडूच्या फुलांआड लपले.

आई उठली. तिने पाटापुढे डोकं टेकलं, एकेक हत्यार उचलून माझ्या पिशवीत भरलं, फुलंअक्षतांसकट. “देवीला काय सांगायचं ते मी सांगते,” ती म्हणाली. “तू चपला घाल.”

दीड तासाची वाट होती. ऊन पडलं होतं, भाताला लोंब्या आल्या होत्या, वाटेवर कुर्डूची फुलं होती आणि माझ्या मनात एकच प्रार्थना होती की आपण पोहोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असू दे. लक्ष्मण पुढे, मी मागे. ओहोळाला पोटरीभरच पाणी होतं. तो पलीकडे जाऊन थांबला, आणि मी दगडावर पाय ठेवला तसा पुन्हा म्हणाला, “सांभाळून, बाई.”

आजी ओट्यावरच बसली होती. अंग सुकून गेलेलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दिवस आहे की रात्र एवढंच कळे. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने दोन्ही हात पुढे केले. मी माझे हात तिच्या हातांत दिले. तिने ते उलटेसुलटे केले, भेगांवरून अंगठा फिरवला.

“दमलीस गो बाय?”

वाट चढून आलीस म्हणून दमलीस का, एवढंच तिला विचारायचं असेल. पण तेरा महिन्यांत मला कोणी हे विचारलं नव्हतं, मी स्वतःला तर नाहीच नाही. माझे डोळे भरून आले. नर्सबाईंनी रडायचं नसतं, म्हणून मी तिच्या हातांकडे पाहिलं, आणि माझा राग जागा झाला. तिच्या दोन्ही तळहातांना हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती, बोटांच्या फटीत अक्षता अडकल्या होत्या.

“आजी, हे काय हाताला? घरात बाळंतपण आहे आणि…”

“आज खंडेनवमी नाय का? घरच्यांनी कोयता पुजला. माजं हत्यार ह्येच. म्यां ह्ये पुजते दर साली.”

मी म्हटलं, हात धुऊन आल्याशिवाय आत यायचं नाही. ती खळखळून हसली, एकही दात नसलेलं हसू, आणि निमूट धुवायला गेली.

चुलीवर पाणी उकळलं. पिशवीतून कातरी आणि चिमटे काढून पातेल्यात टाकले तर कुंकू सुटून पाणी लाल झालं, झेंडूची एक पाकळी वर तरंगली. ते पाणी ओतून मी दुसरं उकळलं. माझे हात धुतले आणि आत गेले. तीच खोली, तीच खिडकी, खिडकीखाली तेच भाताचं कणगं. रखमाने मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले, भीतीने नव्हे, बरं वाटलं म्हणून. हे मला नंतर कळलं.

तासाभरात बाळाचं डोकं आलं. मी बोट आत सरकवून पाहिलं तर मानेभोवती नाळ होती, एक नाही, दोन वेढे, आणि इतके घट्ट की बोटाला वाट मिळेना. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. नाळेला दोन चिमटे लावायचे, मधे कापायची, वेढे सोडवायचे. वीस वेळा सांगितलं असेल मी हे दुसऱ्यांना. पण चिमटा उचलला आणि हात असा कापू लागला की तो नाळेवर बसेना. बाळाचा चेहरा निळा पडत चालला होता. मला तो दिसत नव्हता, मला तो दाट केसांचा मुलगा दिसत होता. मनात म्हटलं, देवी, हे पुन्हा नको, माझ्या हातांनी नको.

मागून कोणीतरी माझ्या कोपराला धरलं. आजी होती. तिला दिसत काहीच नव्हतं, पण माझा श्वास ऐकून तिला कळलं असावं. ती कानाशी अगदी हळू बोलली, जशी जनावराशी बोलतात तशी.

“भिऊ नको. हातांना ठावं हाय. तू मधी येऊ नको.”

पुढचं मी कसं सांगू? मी मधून बाजूला झाले, एवढंच म्हणता येईल. मी नको म्हणणं सोडलं, हो म्हणणंही सोडलं. पहिला चिमटा बसला. दुसरा बसला. कातरीचा आवाज झाला. वेढे सुटले, पुढच्या कळेला खांदे आले आणि बाळ माझ्या तळहातांवर आलं. मुलगी होती, सैल, गप्प. मी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळपायाला टिचकी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने तोंड वाकडं केलं आणि अशी काही रडली की ओट्यावर बसलेला लक्ष्मण ताडकन उठून आत आला आणि आजीने त्याला हाकलून दिलं.

तो देवीचा हात होता की म्हातारीचा, की माझेच हात वर्षभराच्या बोलण्यातून सुटले, मला माहीत नाही. कोणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मी देवीला अडव म्हटलं होतं, आणि मला कोपराला धरून अडवलं गेलं, हे मात्र खरं.

सगळं आवरून बाळ आईच्या कुशीत दिल्यावर मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आजी गुळाचा चहा घेऊन चाचपडत आली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आजी, गेल्या साली तुमचा पणतू माझ्या हातांत गेला. तुम्ही मला का बोलावलंत?”

तिने कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “माज्याबी हातात गेली गो. लई गेली. ज्याला न्यायचं त्यो नेतो, हातांचा काय गुना? आन तू त्या दिसाचं निम्मंच धरून बसलीस. ऱ्हायलेलं निम्मं तिला इचार.”

मी आत गेले. रखमा जागी होती. मी काही विचारायच्या आधीच ती बोलू लागली, बहुधा तिच्या मनात ते वर्षभर होतं.

“बाई, त्या दिसाला मी चाललीच हुती. समदं लांब लांब जात हुतं. तुमी माज्या पोटावर हात दाबून धरला हुता, दुपारपासनं दिवेलागणीपतूर. मला ऐकाय येत हुतं. तुमी म्हनत हुता, जाऊ नको गो रखमा, जाऊ नको. तुमचा हात कापत हुता, पन काढला नाय तुमी. मी त्या हाताच्या वजनावर ऱ्हायले. म्हनून म्हनलं, दुसरं कोन नको.”

धुकं हटावं तसं मला आठवलं. इंजेक्शन देऊनही रक्त थांबत नव्हतं, आणि मी तिच्या ओटीपोटावर मूठ दाबून बसले होते, मनगट बधिर झालं तरी, खांदा निखळेल असं वाटलं तरी. पाऊस कौलांवर वाजत होता. दिवे लागले तेव्हा रक्त थांबलं होतं, आणि मी हात उचलला तर तो सरळच होईना. तोच हात घेऊन मी घरी गेले आणि साबणाने खरवडून काढला. तेरा महिने त्याला मेल्या म्हटलं. ज्या दिवशी दोन जीव जायला निघाले होते आणि एक या हातांनी धरून ठेवला, त्या दिवसाबद्दल.

मी रखमाच्या खाटेशी बसून रडले. नर्सबाई म्हणून नाही, कशीही. बाळंतिणीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे बघा.

निघताना आजीने मला ओट्यावर बसवलं. आता काम झालंय ना, आता तरी लावू दे, म्हणाली. तिच्या पाटावर कोयता आणि फाळ होता, त्यांच्या शेजारी तिने माझे दोन्ही हात उताणे ठेवले. चाचपडत हळद लावली, कुंकू लावलं. एक बोट मनगटावर गेलं, एक पदरावर. झेंडूचं फूल ओंजळीत ठेवलं. मग म्हणाली, “हत्यारं पूजेला ठेवली हुतीस, लक्षुमन सांगत हुता. आन खरं हत्यार ठेवलंच नाय. बाय गो, नांगराचं जू काढलं की आमी बैलाच्या मानेवरनं हात फिरवतो, दमलास का रे इचारतो. मुका जीव, पन त्याला कळतं. आपल्या हातांना कोन इचारनार? हे तिचंच हायत, देवीचं. आपल्याकडं राखाया दिल्यात. दुसऱ्याचं जनावर राखाया आनलं तर त्याला कोन असं मारतं का?”

प्रसादाचं फूल आणि अक्षता बांधून घ्यायला कागद हवा होता. मी पिशवीत हात घातला, हाताला आला तो राजीनामा. सरकारी कामकाजात असा उपयोग झालेला तो पहिलाच असावा. आजीने त्याच्यात झेंडू, अक्षता आणि गुळाचा खडा ठेवून पुडी बांधली आणि म्हणाली, “कागद बरा जाड हाय.” मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईने पुडी सोडली. हळदीच्या डागांतून तिला अक्षरं दिसली असणार, तिला वाचता येत होतं. तिने गूळ देवीपुढे ठेवला, कागद चुलीत सारला आणि खोबरेल तेलाची वाटी कोमट करून माझ्यापुढे आणून ठेवली.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर त्या वाड्यांत मी पुष्कळ बाळं हातात घेतली. त्यातली सगळी रडली असं नाही. जी रडली नाहीत त्यांच्यासाठी मी अजून रडते, पण हातांना बोलत नाही. एक मला उशिरा कळलं. स्वतःला सारखं बोल लावण्यातही एक मोठेपणा लपलेला असतो. जणू जगणं-मरणं आपल्याच दहा बोटांवर होतं आणि आपण ते घालवलं. बोटांनी करायचं ते करावं, बाकीचं ज्याचं त्याच्यावर सोडावं, आणि काम झाल्यावर बोटांना दोन गोड शब्द बोलावेत. हे सोपं दिसतं, पण मला दुसऱ्याचं बाळंतपण करणं याहून सोपं गेलं. आजी पुढच्याच वर्षी गेली. तिला तिरडीवर ठेवलं तेव्हा रखमाने तिच्या तळहातांना हळदकुंकू लावलं, आणि मी तिला हात धुवायला सांगितलं नाही. दर खंडेनवमीला मी कातरीशेजारी माझे दोन्ही हात ठेवते. आई होती तोवर ती कुंकू लावायची, आता एका हाताने दुसऱ्याला मीच लावते. देवी, तू मला राखायला जे दिलंस, ते मी उशिरा का होईना नीट राखते आहे. तुझे उपकार मोठे आहेत.

आणि त्या वर्षीचा तो दसरा. पहाटे जाग आली, डोळे सवयीने भिंतीकडे वळले. मग मला आठवलं आणि मी तेरा महिन्यांनी ओंजळ समोर धरली. रात्रभर तेल मुरलं होतं तरी कुंकू रेषांमधून गेलं नव्हतं. श्लोक म्हणायला तोंड उघडलं, पण आधी आले ते दुसरेच शब्द.

“दमलात का रे?” मी विचारलं.

मग किती तरी वेळ मी त्या दोघांना छातीशी धरून बसले होते.